मामांचा अँड्रॉइड १४ आणि गाडीतल्या स्क्रीनची भानगड

परवा अकोल्याहून मामांचा फोन आला. "अरे, गाडीत तो मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवून घेतोय, दुकानदार म्हणतो अँड्रॉइड १३ वाला नऊ हजार आणि १४ वाला अकरा हजार, कोणता घेऊ? तू त्यातलाच ना!" आता मी त्यातला वगैरे काही नाही, मी पुण्यात बसून भलत्याच कंपनीसाठी भलतंच सॉफ्टवेअर लिहितो, पण आपल्याकडे कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस म्हणजे मिक्सर दुरुस्तीपासून शेअर बाजारापर्यंत सगळ्यातलाच असतो. म्हटलं मामा, पैसे देऊ नका अजून, आधी दुकानात त्या स्टिरिओवर एक आकडा बघा आणि मला फोटो पाठवा, मग बोलू.

तो आकडा कुठला ते पुढे येईलच. पण मामांसारखाच प्रश्न मला ऑफिसात, सोसायटीत, लग्नात, सगळीकडे विचारला जातो. कुणी नवी गाडी घेतोय आणि शोरूमवाला "सर, यात इन बिल्ट गुगल आहे" म्हणतोय, कुणाच्या दहा वर्षं जुन्या गाडीत साधा रेडिओ आहे, आणि सगळ्यांना वाटतं की मोबाइल घेताना जसं व्हर्जन बघतो तसंच इथं बघायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीत एक कॉम्प्युटर नसतोच, आजच्या साध्या गाडीतसुद्धा डझनावारी असतात. इंजिनचा वेगळा, एबीएसचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, स्टीअरिंगचा वेगळा. हे सगळे एकमेकांशी कॅन नावाच्या दोन वायरींवरून बोलतात, जी पद्धत बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढे आणली आणि अजून चालू आहे. या कॉम्प्युटरांची सिस्टीम तुम्हाला निवडायची नसते, दिसतही नाही, आणि ते बरंच आहे. आपण ज्याबद्दल बोलतोय ती मधली स्क्रीन, जिच्यावर गाणी, नकाशा, फोन आणि मागचा कॅमेरा दिसतो. शोरूमच्या भाषेत इन्फोटेनमेंट.

आता गंमत अशी की या स्क्रीनकडून आपल्या दोन अगदी उलट अपेक्षा असतात. एकीकडे ती मोबाइलसारखी हवी, म्हणजे रोज नवी अ‍ॅप, नवे अपडेट, व्हॉट्सअ‍ॅप, गाणी, सगळं. दुसरीकडे ती मिक्सरसारखी हवी, म्हणजे बटण दाबलं की चालू, पंधरा वर्षं, उन्हातान्हात, कधी हँग न होता. या दोन अपेक्षा एका सिस्टीमनं पुऱ्या करणं भयंकर अवघड आहे आणि गाड्यांच्या सिस्टीमचा सगळा इतिहास म्हणजे या ओढाताणीचाच इतिहास.

उदाहरणार्थ मागचा कॅमेरा घ्या. अमेरिकेत मे २०१८ पासून नियम आहे की नव्या गाडीत रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत मागचं चित्र दिसलंच पाहिजे. आता तुमचा मोबाइल बंद करून चालू करा आणि घड्याळ लावून बघा. तीस सेकंद तरी गेलेच. मग सकाळी गाडी चालू करून लगेच रिव्हर्स टाकणाऱ्या माणसानं तीस सेकंद काय रामरक्षा म्हणत थांबायचं का? म्हणून बऱ्याच सिस्टीममध्ये कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं काम मोठ्या सिस्टीमची वाट न बघता एक छोटी वेगळी चिप किंवा छोटा वेगळा प्रोग्राम करून टाकतो. अँड्रॉइड अजून डोळे चोळत असतं तोपर्यंत मागची स्कूटर तुम्हाला दिसलेली असते. स्वस्तातल्या सिस्टीममध्ये नेमकी हीच सोय कच्ची असते.

जिथं न अडखळता चालणं महत्त्वाचं तिथं एक नाव वर्षानुवर्षं ऐकू येतं, क्यूएनएक्स. १९८० मध्ये कॅनडात सुरू झालेली ही कंपनी, २००४ मध्ये गाड्यांच्या ऑडिओ सिस्टीम बनवणाऱ्या हरमननं घेतली, २०१० मध्ये ब्लॅकबेरीनं घेतली. हो, तीच कीबोर्डच्या फोनवाली ब्लॅकबेरी. फोन संपले पण ही सिस्टीम आज जगातल्या वीस कोटींहून जास्त गाड्यांमध्ये आहे. तिची खुबी सांगायची तर असं समजा की साधी सिस्टीम म्हणजे एकत्र कुटुंब, एकच स्वयंपाकघर, तिथं गॅस संपला की अख्खं घर उपाशी. क्यूएनएक्स म्हणजे चाळ, प्रत्येक बिऱ्हाडाची शेगडी वेगळी, मालक फक्त निरोप इकडून तिकडे पोचवतो. ब्लूटूथवाल्या बिऱ्हाडात काही जळलं तर तेवढंच बंद करून पुन्हा चालू करायचं, स्पीड दाखवणाऱ्या बिऱ्हाडाला पत्ताही लागत नाही. पण चाळीत मॉल नसतो. म्हणजे अ‍ॅप नसतात. क्यूएनएक्सवर चालेल असं अ‍ॅप तुमच्या आवडत्या गाण्यांच्या कंपनीनं का लिहावं? एका गाडी कंपनीच्या एका मॉडेलसाठी वेगळं अ‍ॅप लिहायचं, तपासायचं, सांभाळायचं, आणि वापरणार किती जण तर मूठभर. कुणीच लिहीत नाही.

फोर्डनं २००७ मध्ये सिंक नावाची सिस्टीम आणली ती मायक्रोसॉफ्टच्या पायावर होती, पुढे सिंक ३ ला ते क्यूएनएक्सवर गेले. टोयोटानं २०१८ च्या कॅमरीत लिनक्स, म्हणजे कुणीही फुकट घेऊन हवी तशी बदलावी अशी सिस्टीम, घातलं, त्यामागे ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स नावाचा २०१२ पासून चालू असलेला प्रकल्प आहे, ज्यात गाडी कंपन्या एकमेकांच्या स्पर्धक असूनही पाया एकत्र बांधतात. टेस्लाही लिनक्सवरच. म्हणजे सिस्टीम बदलत राहिल्या, पण अ‍ॅपचा प्रश्न कुणालाच धड सुटला नाही.

टेस्लाचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो सिस्टीमपेक्षा तिच्या खालच्या चिपबद्दल आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत टेस्लानं अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर आत ८ जीबीची मेमरी चिप होती आणि सिस्टीम तिच्यावर सतत नोंदी लिहीत बसायची. अशी चिप साधारण तीन हजार वेळा लिहिणं पुसणं सहन करते, मग झिजते, वहीचं पान खोडरबर घासून घासून फाटतं तसं. पाचसहा वर्षांत चिप संपली की स्क्रीन बंद, आणि स्क्रीनबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवायचा कंट्रोलही बंद. इंजिनियर लोकांना आजही हे उदाहरण देतात. सिस्टीम उत्तम होती, अपडेट येत होते, पण खालची वही छोटी होती.

मग २०१४ मध्ये एक वेगळीच वाट निघाली. मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये अ‍ॅपलनं कारप्ले दाखवलं, जूनमध्ये गुगलनं अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटतं. गाडीच्या स्क्रीनला शहाणं करायचा नादच सोडा, शहाणपण फोनमध्ये आहेच, स्क्रीननं फक्त आरसा व्हायचं.

हे आतून कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. तुम्ही केबल लावता तेव्हा अ‍ॅप गाडीत जात नाही. फोन आपल्या पोटात गाडीसाठीचं चित्र तयार करतो, त्याचा व्हिडिओ बनवतो आणि पिक्चर दाखवावा तसा तो व्हिडिओ गाडीला पाठवत राहतो. गाडी उलट दिशेनं मुख्यतः काय पाठवते, तर तुमचं बोट स्क्रीनवर कुठं टेकलं, माइकवर काय ऐकू आलं, आणि असलं तर गाडीचं जीपीएस. बस. वायरलेस असेल तर आधी ब्लूटूथवर ओळखपाळख होते, मग दोघं ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर जातात कारण ब्लूटूथच्या बोळातून एवढा व्हिडिओ जात नाही. त्यामुळंच वायरलेसवर लांबच्या प्रवासात फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते, बिचारा एकाच वेळी नकाशा काढतोय, व्हिडिओ बनवतोय आणि वायफायवर ओततोय. त्यात तुम्ही तो डॅशबोर्डवर उन्हात ठेवलाय.

याचा फायदा लक्षात आला का? फोन आपण तीनचार वर्षांनी बदलतो, गाडी बारापंधरा वर्षं वापरतो. डोकं फोनमध्ये असलं की प्रत्येक नव्या फोनबरोबर गाडीची सिस्टीम फुकटात नवी होते. माझ्या मते आपल्यासारख्या गाडी पुरवून वापरणाऱ्या लोकांसाठी हा या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि शोरूममध्ये तो कुणी सांगत नाही, तिथं स्क्रीन किती इंचाची आणि आतला लाइट किती रंगाचा हेच चालू असतं.

"पण मग यूट्यूब का नाही त्यात?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. गाडी चालवताना बघता येऊ नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं नाही. या दोन्हींमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्याला स्क्रीनवर वाटेल ते काढायची मोकळीक नसते. गाण्यांचं अ‍ॅप असेल तर अशी यादी, नकाशा असेल तर अशी मांडणी, चार्जिंग स्टेशन किंवा पार्किंग असेल तर असे चौकोन, असे साचे ठरवून दिलेत आणि त्यातच बसवायचं. व्हॉट्सअ‍ॅप आहे, पण मेसेज तुम्हाला वाचायला मिळत नाही, तो वाचून दाखवतो आणि तुम्ही बोलून उत्तर द्यायचं. फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभात ऐकून घेणं ही शिक्षा आहे, ते सोडा, पण डोळे रस्त्यावर राहतात. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२० पासूनचा नियम असाच आहे, गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यापुरतं आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरायचं.

या साच्यांची दुसरी बाजू अशी की कुणाला आत घ्यायचं ते घरमालक ठरवतो. कारप्लेवर पहिली चार वर्षं नकाशा म्हणजे अ‍ॅपलचाच, गुगल मॅप्सला दार बंद. सप्टेंबर २०१८ मध्ये आयफोनची सिस्टीम आयओएस १२ आल्यावर उघडलं. म्हणजे त्या काळात भारतात कारप्लेवाली गाडी घेऊन फिरणाऱ्यानं स्क्रीनवर गाणी लावायची आणि रस्ता फोन काढून बघायचा, काय उपयोग. आता आपल्या मॅपमायइंडियाचं मॅपल्ससुद्धा दोन्हीकडे चालतं, आणि स्पीडब्रेकर आधी सांगण्यात ते मला जास्त बरं वाटतं, नगर रोडला राहणाऱ्याला विचारा स्पीडब्रेकर आधी कळण्याची किंमत काय ते.

आता इथं एक गोंधळ दूर करतो, ज्यानं भल्याभल्यांना फसवलंय. अँड्रॉइड ऑटो वेगळं आणि अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह वेगळं. ही नावं ज्यानं ठेवली त्याला एकदा भेटून नमस्कार करायचाय. ऑटो म्हणजे वर सांगितलेला आरसा, फोनशिवाय शून्य. ऑटोमोटिव्ह म्हणजे गाडीचीच स्वतःची पूर्ण सिस्टीम, गाडीत बसवलेलं खरंखुरं अँड्रॉइड, फोन घरी विसरला तरी चालणारं. गुगलनं हे २०१७ मध्ये व्होल्वो आणि आउडीबरोबर जाहीर केलं आणि २०२० मध्ये पोलस्टार २ ही पहिली गाडी त्यावर रस्त्यावर आली. त्यातही पुन्हा दोन पोटजाती आहेत. नुसतं अँड्रॉइड फुकट आहे, कुणीही घ्या आणि वर आपला रंगरंगोटीचा थर चढवा. पण प्ले स्टोअर, गुगल मॅप्स आणि असिस्टंट हवे असतील तर गुगलशी वेगळा करार करावा लागतो. त्यामुळं विक्रेता "अँड्रॉइड बेस्ड आहे सर" म्हणाला तर लगेच हुरळून जाऊ नका, "प्ले स्टोअर आहे का, दाखवा" असं म्हणायचं. बऱ्याच वेळा नसतं. मग कंपनीनं स्वतः जमवलेली पंधरावीस अ‍ॅप असतात, त्यातली चार तुम्हाला माहितीतली, बाकीची हवामानाची आणि क्रिकेटच्या स्कोअरची.

मग हे गाडीचं स्वतःचं अँड्रॉइड वाईट का? अजिबात नाही, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर त्याचं पारडं जड होतं. विचार करा, पुण्याहून नागपूरला इलेक्ट्रिक गाडीनं निघालात. फोनमधल्या नकाशाला तुमच्या बॅटरीत किती टक्के उरलेत हे आपोआप माहीत नसतं, गाडीनं मुद्दाम सांगितलं तरच कळतं. गाडीतल्या स्वतःच्या नकाशाला ते माहीत असतं, त्यामुळं तो तुम्हाला कुठं थांबायचं आणि पोचताना किती चार्ज उरेल हे धरून रस्ता देऊ शकतो. जनरल मोटर्सनं २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणारच नाही, सगळं आमच्याच सिस्टीमवर, तेव्हा त्यांनी हेच कारण पुढे केलं. खरं कारण अर्धं हे आणि अर्धं असं असावं की स्क्रीन ज्याची त्याला गिऱ्हाईक, त्याची माहिती आणि दरवर्षीची वर्गणी मिळते. हा माझा अंदाज, पण फार धाडसी अंदाज नाही.

वर्गणीवरून आठवलं. गाडीच्या स्वतःच्या सिस्टीमला स्वतःचं सिम लागतं आणि ते पहिली काही वर्षं फुकट असतं. नंतर? आणि नेटवर्कच बदललं तर? अमेरिकेत एटी अँड टीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं तेव्हा कितीतरी चांगल्या चालत्या गाड्यांची ऑनलाइन अंगं एका रात्रीत लुळी पडली, कारण आतला मोडेम, म्हणजे नेटवर्क पकडणारा भाग, थ्रीजीचा होता. फोन असता तर बदलला असता. गाडीतला मोडेम कोण बदलतोय?

एकाच गाडीत क्यूएनएक्ससारखी न अडखळणारी सिस्टीम आणि अँड्रॉइड दोन्ही असतात हेही खरं. हल्ली एकाच ताकदवान चिपवर मध्ये पक्की भिंत घालून दोन सिस्टीम चालवतात, एका बाजूला क्यूएनएक्स किंवा तसंच काही जे स्पीड आणि इशाऱ्याचे दिवे दाखवतं, दुसऱ्या बाजूला अँड्रॉइड जे गाणी वाजवतं. अँड्रॉइड कोसळलं तरी स्पीड दिसत राहतो. हे काम कुठं होतं विचाराल तर बरंचसं आपल्याच अंगणात, हिंजवडीत केपीआयटीसारख्या कंपन्या जगभरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितात आणि हरमनचा कारखाना चाकणला आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला तुमच्या पुढचा माणूस कदाचित जर्मन गाडीची स्क्रीन लिहून घरी चाललेला असतो.

आता मामांकडे परत. कारण बहुतेकांचा प्रश्न नव्या गाडीचा नसतो, जुन्या गाडीत बाहेरून बसवायच्या अँड्रॉइड स्टिरिओचा असतो, आणि सगळ्यात जास्त फसवाफसवी इथंच आहे.

हा बाजारातला नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे गाडीसाठी बनवलेली सिस्टीम नव्हे, तो टॅबलेटचा भाऊ आहे. आत टॅबलेटची चिप, टॅबलेटचं अँड्रॉइड, वर रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅमेऱ्याची जोडणी. त्यामुळं त्यात प्ले स्टोअर असतं, यूट्यूब चालतं, मुलं खूश. पण याला अपडेट कोण देणार? बनवणारा कारखाना नाव बदलून पुढचं मॉडेल काढण्यात गुंतलेला, दुकानदाराचा संबंध फिटिंगपुरता. ज्या दिवशी घेतलात त्या दिवशीचं अँड्रॉइड हेच शेवटपर्यंतचं अँड्रॉइड. आणि अ‍ॅप तर पुढे जात राहतात, व्हॉट्सअ‍ॅपनं २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ४.४ सोडून दिलं, तसं एकेक अ‍ॅप एकेक वर्षी तुमच्या व्हर्जनला रामराम करतं. म्हणून व्हर्जनचा आकडा महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका म्हणूनच तो खोटा लिहिला जातो.

तर मामांना सांगितलेली गोष्ट ही. सेटिंगमध्ये "अँड्रॉइड १४" असं लिहिलेलं असतं ती नुसती पाटी आहे, बनवणारा तिथं काहीही लिहू शकतो. खरा आकडा बघायचा तर प्ले स्टोअरवरून सीपीयू झेड नावाचं फुकट अ‍ॅप तिथंच दुकानात उतरवून घ्यायचं, आधीपासून टाकून ठेवलेलं नको, तेही फेरफार केलेलं असू शकतं. त्यात सिस्टीमच्या पानावर एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या व्हर्जनचा आतला क्रमांक, अशी ओळ असते. अँड्रॉइड १० चा एपीआय २९, १३ चा ३३, १४ चा ३४. मामांनी फोटो पाठवला. अकरा हजारवाल्या अँड्रॉइड १४ चा एपीआय आला २९. म्हणून नऊ हजारवाला पण बघा म्हटलं. तोही २९! दोन्ही पोटातून एकच, दोन हजार रुपये नुसत्या पाटीचे. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला "भाऊ, सगळ्यांत असंच येते." यात त्या बिचाऱ्याची चूक किती कुणास ठाऊक, त्याच्याकडे खोकं तसंच आलेलं असतं.

अर्थात अँड्रॉइड १० असणं हा गुन्हा नाही, गाणी आणि नकाशा त्यावर मजेत चालतात. रॅम २ जीबी असेल तर मात्र सोडून द्या, नकाशा चालू असताना गाणं बदललं की अडकणार, ४ जीबीच्या खाली बघूच नका. आणि चिपचं नाव विचारा. दुकानदार "ऑक्टाकोर आहे" म्हणेल, ते म्हणजे जेवणात काय आहे विचारल्यावर "ताट आहे" म्हणण्यासारखं. नाव त्याच सीपीयू झेडमध्ये दिसतं, ते नेटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

मग वायरींचं. मागं पिवळी वायर असते ती थेट बॅटरीला, लाल असते ती चावीला, काळी अर्थ. चावी काढली की लालमधला करंट जातो आणि स्टिरिओनं झोपायचं असतं. बरेच स्टिरिओ पूर्ण बंद न होता डुलकी घेतात, म्हणजे पुढच्या वेळी दोन सेकंदांत चालू व्हावेत, आणि त्या डुलकीत पिवळ्या वायरीतून थोडा थोडा करंट पीत राहतात. थोडा म्हणजे किती हे महत्त्वाचं. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर अवरची असते. स्टिरिओ झोपेत ०.३ अँपिअर पीत असेल तर ३५ भागिले ०.३, म्हणजे ११६ तास, पाच दिवसांत बॅटरी कोरडी, आणि सेल्फ मारायला ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. माझ्या जुन्या गाडीत हे झालंय. चार दिवस गावाला लग्न, परत येऊन चावी फिरवली तर टक टक टक. आठवडाभर मी बॅटरीवाल्याला शिव्या दिल्या, निघालं स्टिरिओचं. सेटिंगमध्ये किती वेळानं पूर्ण बंद व्हायचं असा पर्याय असतो, तो शोधून अर्ध्या तासावर आणला तेव्हा थांबलं.

आणि अकोला म्हटलं की ऊन आलंच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि बंद गाडीत उन्हात ६० च्या वर सहज. अ‍ॅपल आपल्या आयफोनबद्दल स्पष्ट सांगते की बंद असतानाही ४५ अंशांच्या वर ठेवू नका आणि पार्क केलेल्या गाडीत तर सोडूच नका. गाडीसाठी म्हणून बनवलेल्या चिप ८५, काही १०५ अंशांपर्यंत तपासलेल्या असतात. हौशी मंडळी जुना टॅबलेट डॅशबोर्डमध्ये बसवतात ना, त्यांचं इथंच फसतं, दोन उन्हाळ्यांत टॅबलेटची बॅटरी पुरीसारखी फुगते. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर क्रँकशाफ्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून घरच्या घरी अँड्रॉइड ऑटोची स्क्रीन बनवता येते, शनिवार रविवार मजेत जातात, मीही केलंय, पण चावी काढल्यावर करंट एकदम तुटतो आणि मेमरी कार्ड खराब होतं, सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि रास्पबेरी पाय रीस्टार्ट होतो, त्याला नीट पॉवर सप्लाय हवा. खेळणं म्हणून उत्तम. बायकोच्या रोजच्या गाडीत मात्र लावू नका, अनुभव आहे.

मामांना शेवटी काय सांगितलं, तर अँड्रॉइड स्टिरिओच नको. ज्यात स्वतःचं अँड्रॉइड नाही, प्ले स्टोअर नाही, नुसता वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले आहे असा साधा स्टिरिओ घ्या. आत साधी सिस्टीम, चावी फिरवली की लगेच चालू, झोपायचं झंझट नाही, जुनं व्हायला अ‍ॅपच नाहीत. मामांचा फोन अँड्रॉइड १३ चा, वायरलेसला ११ किंवा त्यापुढचं आणि ५ गिगाहर्ट्‌झ वायफाय लागतं, दोन्ही आहे. मामी म्हणाल्या, "मग मागं बसून मालिका कशी बघायची?" तर मामी, तुमचा फोन आहे ना. तसंही या स्वस्त स्टिरिओंना ओटीटी कंपन्यांची वरच्या दर्जाची परवानगी बहुधा नसते, त्यामुळं नऊ इंचावर चित्र धुरकटच दिसतं.

फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा म्हटलं, आणि एकच धोशा लावा, "कपलर टू कपलर, वायर कट नाही." तुमच्या गाडीच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडायचे प्लग, मिळतात, पण दुकानातला पोरगा घाईत असला की कात्री काढतो, आणि कापलेली मूळ वायर म्हणजे वॉरंटी असली तर तिच्यावर पाणी, शिवाय स्टीअरिंगवरची बटणं चालेनाशी होतात. बाहेर पडायच्या आधी गाडी पूर्ण बंद करून पाच मिनिटं थांबा, मग चालू करून लगेच रिव्हर्स टाका आणि मनात एक दोन मोजा. तीनला जर स्क्रीनवर अजून कंपनीचा लोगोच फिरत असेल तर पैसे द्यायचे नाहीत. निघताना घाटात जायचं असेल तर गुगल मॅप्समध्ये तेवढा भाग वायफायवर आधीच उतरवून ठेवायचा, आंबा घाटात नेटवर्क गेलं की स्क्रीन कितीही महागाची असो, निळा ठिपका रिकाम्या कागदावर चालत राहतो.

आणि गाडीतून काढलेला जुना स्टिरिओ दुकानात सोडून येऊ नका, खोक्यात घालून माळ्यावर टाका. गाडी विकायच्या दिवशी लागतो.